पाहुण्यांची गाडी चार्जिंगला

या सोयरिकीत बहिरूच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं. नाशकात पाथर्डी फाट्याला हप्ते फिटलेला फ्लॅट. सायखेड्याला गोदाकाठची जमीन. म्हणजे मुलीला तिथं खुरपं धरावं लागणार नाही, पण कुणी विचारलं तर सांगता येईल एवढी. मुलगा एकटा, बहीण होती ती दिलेली. सासू बोलकी, म्हणजे मनात काही ठेवणारी नाही, असा अर्थ बहिरूनं आपल्या सोयीनं लावलेला. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे अंबडच्या कारखान्यातली कायम नोकरी.

मध्यस्थानं मोबाईलवर पाठवलेल्या बायोडाटात ही नोकरीची ओळ आली आणि बहिरूनं पुढचं वाचलंच नाही. मुलाची उंची, रास, आवडीनिवडी सगळं तसंच राहिलं.

त्याला कारण होतं. बहिरूचं आख्खं आयुष्य विंचूरच्या कांद्यात गेलेलं. सकाळी ट्रॉली भरून उपबाजारात न्यावी आणि तिचं सोनं झालं की माती, हे दुपारी दुसऱ्याच कुणीतरी बोली लावून सांगावं, असा धंदा. एका वर्षी त्यानं कांदा बांधावर ओतला, पुढच्याच वर्षी तोच कांदा शहरातले लोक औषधासारखा चिमूटभर वापरत होते. यात माणसाचं दिवाळं निघतंच असं नाही. बहिरूचं निघालं नव्हतं, उलट दोन मजली घर झालं होतं. पण झोप गेली होती ती गेलीच. म्हणून हर्षालीसाठी त्याला एकच गोष्ट हवी होती. एक तारखेला ज्याच्या खात्यात पगार पडतो असा नवरा. पोरीनं रात्री उद्याच्या भावाचा विचार करत छताकडं बघू नये, एवढंच.

खरं तर बाजारात एखाद्या मालाला अचानक भाव चढला की बहिरू आधी विचारायचा, कुठं काय सडलंय? इतकं भरलेलं ताट समोर आल्यावर हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण पोरीच्या लग्नात भल्याभल्यांचा काटा सैल पडतो.

शिवाय हर्षालीनं आधीची चार स्थळं परतवली होती. ती बी.कॉम. झालेली, बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडं कॉम्प्युटरवर बसायची. आजकाल दिवस पोरीच्या बापाचे आहेत. गावोगावचे मुलांचे बाप चपला झिजवतात आणि पोरीचा बाप ओट्यावर बसून नकार वाटतो. पण नकार वाटणाऱ्यालाही शेवटी कधीतरी होकार द्यावाच लागतो, आणि हर्षालीचे नकार तर मोठे विचित्र असायचे. एकाला तिनं का नाकारलं, तर तो प्रत्येक वाक्याला ‘एकदम टॉप’ म्हणत होता. दुसऱ्यानं तिला काहीच विचारलं नाही म्हणून. बहिरूला यातलं काही पटत नसे. पण मुलगी बोलायला लागली की तिच्या बोलण्यात त्याला स्वतःचाच लिलावातला आवाज ऐकू यायचा आणि तो गप्प बसायचा.

चैत्रातला रविवार ठरला. पाहुणे सकाळी सप्तशृंगीच्या गडावर देवीला जाऊन मग दुपारी येणार होते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. खेड्यात पाहुणा येतो तो आवाज करत येतो. मळ्याच्या रस्त्याला गाडी वळली की कुत्रं भुंकतं, ओट्यावरचे कपडे आत जातात, बाई पदर सावरते, पोरगी आरसा बघते, आणि पाहुणा दारात उतरेपर्यंत घर जसं नसतं तसं होतं. इंजिनच्या घरघरीवर सगळ्या तालुक्याची अब्रू उभी आहे. या पाहुण्यांची गाडी मात्र बॅटरीची निघाली. झेंडूचा हार आणि पुढं लिंबू-मिरची घालून ती थेट अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा कुत्रंसुद्धा झोपलेलं होतं. दारं उघडली तेव्हा कुसाबाई, बहिरूची बायको, कुंपणापाशी उभी होती, आणि कुंपणापलीकडून तिची जाऊ छाया तिच्या हातात पोह्यांची भरलेली कढई देत होती.

मुलाच्या आईनं, उज्वलानं, गाडीतून पहिला पाय खाली टाकतानाच हे पाहिलं. आणि काही पाहिलं नाही असा चेहरा केला. बोलकी बाई गप्प राहते तेव्हा ती शिल्लक टाकत असते, हे बहिरूच्या ध्यानात आलं नाही. तो गाडीकडं बघत होता. पांढरीशुभ्र, चकचकीत. मुलाचे वडील गोटीराम हार सारखा करत म्हणाले की आताच घेतली, आता पेट्रोलचं काय खरं नाय बघा. बहिरूनं जमेच्या बाजूला मनातल्या मनात आणखी एक ओळ ओढली.

मग रीतीप्रमाणं सगळं झालं. पोहे झाले, पोह्यांची तारीफ झाली. शिक्षण किती, स्वयंपाक येतो ना, नाशकात करमेल ना, हे झालं. मुलगा रुद्र जरा सावळा, हाताची नखं कामाची, बोलणं कमी. त्यानं हर्षालीला एकच विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? ती म्हणाली, आहे, पण आत्ता नाही. हे ऐकून दोन्हीकडच्या आया एकदम हसल्या. तासाभरात गोटीराम मांडीवर हात मारून उठले आणि जगातल्या सगळ्या मुलाकडच्यांनी जे म्हटलंय ते म्हणाले.

“बरं मग. घरी गेल्यावर कळवतो.”

या शब्दाला मोठी किंमत आहे. पाहण्याचा कार्यक्रम तासाभराचा ठेवतात तो याच्याचसाठी. तासभर कुणीही गोड राहू शकतं. पोरगी मान खाली घालू शकते, बाप हातचं राखून बोलू शकतो, सासू मायाळू दिसू शकते. त्यानंतर माणूस माणसासारखं वागायला लागतं, म्हणून त्याच्या आत निघायचं असतं.

पाहुणे गाडीत बसले. आणि परत उतरले.

रुद्र बहिरूजवळ आला, अंगठ्यानं कपाळ खाजवत. म्हणाला, “काका, अवघड बोलायचंय. गाडी निफाडलासुद्धा पोचणार नाही. तुमच्याकडं जरा लावावी लागेल.”

गडाच्या घाटानं बॅटरी पिऊन टाकली होती. उतरल्यावर पिंपळगावला चार्जरची जागा होती, पण तिथं चार गाड्या आधीच उभ्या, आणि पहिल्या भेटीला उशीर नको म्हणून उज्वलानं पुढं चला, पुढं चला केलं. पण मूळ गोष्ट वेगळीच होती. रात्री रुद्रनं गाडी पार्किंगमध्ये चार्जिंगला लावून ठेवलेली, सकाळपर्यंत पूर्ण भरायला हवी होती. सकाळी पाहिलं तर अर्धीच. का, ते त्याला समजेना. हे बोलणं चाललेलं असताना गोटीराम कुंपणावरच्या कारल्याच्या वेलाचं फार बारकाईनं निरीक्षण करत होते.

किती वेळ लावावी लागेल? बहिरूनं विचारलं. घरातल्या साध्या सॉकेटवर, रुद्र म्हणाला, तीन-चार तास तरी.

घरात मोठा सॉकेट एकच होता, कुसाबाईच्या घरघंटीचा. घरघंटीत गहू टाकलेले होते ते तसेच राहिले. वायर खिडकीतून बाहेर आली, गाडीला लागली, आणि चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागला. घेत नव्हती. रुद्रनं पिन काढून परत लावली. बहिरूनं, काही कळत नसताना पुरुषानं करायचं ते केलं. सॉकेटवर एक थाप मारली.

हर्षाली आतून बादली घेऊन आली. दुसऱ्या हातात मिठाचा पुडा. घराच्या कडेला मीटरच्या भिंतीखाली अर्थिंगचा खड्डा होता, तो उन्हाळ्यात कोरडा पडतो हे विहिरीवर मोटार असलेल्या कुठल्याही घराला माहीत असतं. स्टार्टर कुरकुरला की खड्ड्यात मीठ-पाणी ओततात. ती ओतत होती, रुद्र दुसरी बादली भरत होता. अंगणात बसलेल्या चौघांना दोघांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण तिसऱ्या बादलीला दोघं हसली एवढं दिसलं. अर्थिंग मिळालं तसा दिवा हिरवा झाला. त्यानंतरही त्यांना परत यायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ का लागला हे कुणीच विचारलं नाही.

आता जेवणाचं बघणं आलं. कुसाबाईनं भाकरी थापायला घेतल्या, पिठलं टाकलं. उज्वला स्वयंपाकघरात उंबऱ्याशी येऊन बसली आणि आल्यापासूनची शिल्लक तिनं बाहेर काढली. हर्षालीला म्हणाली, पोहे लय मऊ झाले होते हो, पाण्यात किती वेळ ठेवले होते?

कुसाबाईचा हात परातीत थांबला. हर्षाली म्हणाली, “माहीत नाही काकू. ते छायाकाकूंनी केलेत. मला चहा येतो, आणि वरणभात. बाकी शिकते की नाही ते अजून ठरवलं नाही.”

उज्वलानं तिच्याकडं बघितलं. मग कुसाबाईकडं. मग पदर खोचून तिनं परात स्वतःकडं ओढली आणि म्हणाली, कुसाताई, मला पण लग्नात काय येत नव्हतं, माझ्या आईनं तर शेजारणीची पुरणपोळी माझी म्हणून खपवली होती. त्यानंतर स्वयंपाकघरातून जो आवाज यायला लागला तो दोन विहिणींचा नव्हता, दोन बायकांचा होता.

जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी कांदाचाळीच्या सावलीत खाटा टाकून आडवी झाली. चाळीत नवा कांदा भरलेला, वाऱ्यानं त्याचा उग्र गोडसर वास यायचा. पोट भरलेलं, ऊन बाहेर, आणि दोघंही शेतकऱ्याची हाडं. गोटीरामांनी कूस बदलली आणि हळूच सांगून टाकलं.

“बहिरूभाऊ, ती गाडी रात्री मीच बंद केली. पोराला सांगू नका. रात्री मुतायला उठलो, खाली पाहिलं तं लाल-निळा दिवा चालूच. म्हणलं, आयुष्यात कधी मोटार चालू ठेवून झोपलो नाय. हीर कोरडी पडली की मोटार जळती. खाली उतरलो, हात आपोआप गेला बटणावर.”

बहिरू पोट धरून हसला. त्याचाही गेला असता. या एका वाक्यानं त्याला हा माणूस इतका आपला वाटला की लग्न त्याच्या मनात लागूनच गेलं. मांडव कुठं घालायचा तेही त्यानं ठरवलं.

तेवढ्यात हर्षालीनं त्याला घरामागं बोलावलं.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. रुद्र ज्या कारखान्यात होता तिथं पेट्रोलच्या इंजिनातले वॉल्व्ह बनतात. तिनं त्याला विचारलं होतं, या गाडीत वॉल्व्ह किती? तो म्हणाला, एकही नाही. ती म्हणाली, मग? तो म्हणाला, तेच. कारखान्यातल्या दोन लाईनी बंद झाल्या होत्या. लोकांना पैसे घेऊन नोकरी सोडा म्हणत होते, आणि रुद्र जाणार होता. दिवाळीपर्यंत. गाडीही नवी नव्हती. टॅक्सीत फिरलेली, त्यानं मुद्दाम घेतलेली, खोलून शिकायला. सहा महिने तो सुट्टीच्या दिवशी एका गॅरेजात फुकट राबत होता. चार्जिंगचं केंद्र आणि बॅटरीच्या गाड्यांची दुरुस्ती, हे त्याला करायचं होतं. घरचे म्हणत होते, लग्न जमेपर्यंत तोंड उघडू नको.

“त्यानं मला सांगितलं,” हर्षाली म्हणाली. “पोरगी बघायला आल्यावर कुणी सांगतं का आबा हे?”

बहिरूला त्यातलं फक्त एकच ऐकू आलं. एक तारीख गेली.

तो चाळीपाशी आला. गोटीराम घोरत होते, आणि मघाशी आपला वाटलेला हा माणूस आता त्याला वरून निवडलेला, खाली सडका भरलेल्या गोणीसारखा दिसायला लागला. कारखाना, गाडी, सगळं वरवरचं. निघाले की मध्यस्थाला फोन करायचा आणि विषय संपवायचा, त्यानं ठरवलं. आता फक्त ते निघायला हवे होते.

सव्वाचारला रुद्र गाडी बघून आला. नाशिकपुरती झाली, म्हणाला. निघू या.

उज्वलानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि परत बसली. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो. सामान भरून, निरोप घेऊन चाक हलेपर्यंत तो लागणारच. नव्या सोयरिकीच्या दारातून राहुकाळात निघायचं? तिनं सांगून टाकलं, सहा वाजल्याशिवाय गाडी हलणार नाही.

म्हणजे ज्यांना बहिरूनं मनातून घालवलं होतं, त्यांनाच चहा पाजत पावणेदोन तास काढायचे. यजमानाला नकार मनात ठेवून बसणं फार जड जातं. बहिरूला ते पाच मिनिटांत असह्य झालं. कपबशी खाली ठेवून त्यानं रुद्रला सगळ्यांसमोर विचारलं.

“पाव्हणं, ही तुमची कायम नोकरी कायम कधीपर्यंत हाय?”

गोटीराम खोकले. उज्वलानं डोळे मिटले. रुद्र म्हणाला, “दिवाळीपर्यंत तरी आहे.” आणि मग बापाकडं न बघता त्यानं सगळं सांगितलं, हर्षालीला सांगितलं होतं तेच, त्यात काही कमी न करता. मध्येच गोटीराम म्हणाले, आवो कायमच होती, त्या वेळी. बहिरू म्हणाला, कांदा पण मार्चात लय महाग होता, त्या वेळी.

कुसाबाईनं नवऱ्याकडं डोळे वटारले. पण बहिरू आता बाजारात उतरला होता. ह्या गाड्या म्हणजे हवा हाय, तो म्हणाला. आज आल्या, उद्या जातील. नवीन माल आला की सगळा गाव त्यालाच पळतो, मग पडतोच.

“नवीन नाही काका,” रुद्र म्हणाला. “जुनाच माल आहे.”

आणि त्यानं सांगितलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, युरोपात शहरांत बॅटरीच्या गाड्या चालत होत्या, चांगल्या खपत होत्या. पेट्रोलची गाडी पुढं उभं राहून लोखंडी दांडा फिरवून चालू करावी लागायची. दांडा उलटा बसला की मनगट मोडायचं. धूर वेगळा, आवाज वेगळा. बॅटरीची मात्र बसलं की निघाली. डॉक्टर लोक, श्रीमंत घरच्या बायका तीच घ्यायच्या.

“मंग गेली कशापायी?”

“एक तर पेट्रोलच्या गाडीलाही बटण आलं, दांडा गेला. ती स्वस्त पण झाली. आणि दुसरं, लोक गावाबाहेर निघाले. पेट्रोल डब्यात भरून कुठल्याही खेड्यात किराणा दुकानात ठेवता यायचं. वीज शहराच्या वेशीपर्यंतच होती. बाहेर पडलं की ही गाडी उभीच.”

बहिरूनं अंगणात, घरघंटीच्या वायरीला बांधलेल्या गाडीकडं पाहिलं. “म्हंजी आमच्यासारख्या खेड्यांनी मारली म्हना तिला.”

“हो. आणि आज तुमच्याच खेड्यानं वाचवली.”

रुद्र पुढं बोलत राहिला. इतका वेळ गप्प बसलेला मुलगा कामाचं बोलायला लागला की कसा सुटतो तसा. नाशिक-पुण्याला बॅटरीची एसटी धावते. रिक्षा तर झाल्याच. बॅटरीचा खर्च वर्षावर्षाला उतरतोय. शहरात चार्जर होतीलच, तिथं मोठे लोक आहेत पैसे घालायला. अडचण असते ती मधल्या रस्त्याला. आम्ही आज जिथं अडकलो तिथं.

बहिरूनं हे सगळं ऐकलं, आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी तो दिवसभर, खरं तर वर्षानुवर्षं, जागा होता. “आन् परत पडली तं? दुसरंच काय निघालं तं? माझ्या पोरीनं काय करायचं?”

वाऱ्यानं चाळीतला एक टरफलाचा पापुद्रा उडून रुद्रच्या पँटवर बसला, तो त्यानं काढला.

“पडू शकते,” तो म्हणाला. “मला नाही सांगता येणार काका. हातात काम आहे, ते दुसऱ्या यंत्राला पण लागू पडेल, एवढं सांगू शकतो.”

इतकी वर्षं बहिरू विंचूरच्या बाजारात उभा होता. उद्याचा भाव सांगणारे त्याला रोज भेटले. अडते, हमाल, एसटीतले, टीव्हीतले, चहाच्या टपरीवरचे. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे छातीवर हात ठेवून सांगत होते. सांगता येणार नाही असं म्हणणारा माणूस त्याला आजवर एकही भेटला नव्हता. भेटला असता तर त्यानं त्याच्याशीच धंदा केला असता.

त्यानं कपबशी परत उचलली.

हर्षाली दारात उभी होती. तिनं बापाचा हात कपाकडं जाताना पाहिला. माणूस सौद्याला परत बसतोय, ही खूण तिला बाजारात बसून चांगली ठाऊक झाली होती. ती म्हणाली, “आबा, रस्त्याकडची पट्टी आहे ना आपली, जिथं तुम्ही चाळ वाढवणार होता?”

पुढचं बोलणं भराभर झालं. येवल्याकडून, संभाजीनगरकडून येणारी गाडी विंचूरला पोचेपर्यंत दमलेली असते. पेट्रोलवाला पाच मिनिटांत भरून जातो, बॅटरीवाला पाऊण तास बसतो. आणि बसलेला माणूस काही ना काही घेतोच, हे सांगताना तिचा आवाज अगदी बोली लावणाऱ्यासारखा झाला. चार्जिंगचं केंद्र त्या पट्टीवर, हिशेब ती बघणार, यंत्रं रुद्र. राहायचं विंचुरातच भाड्यानं. फ्लॅट सासू-सासऱ्यांचा, सुट्टीला जायला.

गोटीरामांच्या तोंडचं पाणी पळालं. सासऱ्याच्या जमिनीवर धंदा? लोक पोराला घरजावई म्हणतील.

“जमीन मी भाड्यानं घेणार,” हर्षाली म्हणाली. “माझ्या नावावर करार, दर अक्षय्य तृतीयेला भाडं. मग ते घरजावई नाहीत, आबांच्या भाडेकरूचे नवरे झाले. त्याला काय म्हणतात ते लोकांना ठरवू द्या.”

उज्वला आधी हसली. मग कुसाबाई. रुद्र हसला नाही, तो हर्षालीकडं बघत राहिला. बहिरू उठला, कांदाचाळीच्या टोकापर्यंत गेला, रस्त्याकडच्या पट्टीवर नजर टाकली, जिथं त्याला आणखी एक चाळ घालून भाव वाढेपर्यंत कांदा दाबून ठेवायचा होता, आणखी काही वर्षं जागं राहायचं होतं. परत आला तो बोलायला तोंड उघडूनच.

“थांबा,” उज्वला म्हणाली. “अजून राहुकाळ हाय. आत्ता हो म्हणू नका.”

म्हणून ते सगळे बसून राहिले. कुसाबाई साखरेचा डबा मांडीवर घेऊन, गोटीराम घड्याळाकडं बघत, बहिरू ओठ मिटून. सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. कुत्रं गाडीखाली जाऊन झोपलं. सहा वाजले तशी कुसाबाईनं आधी साखर वाटली आणि बहिरूनं होकार मागाहून दिला, तो कुणी नीट ऐकलाच नाही.

निघताना गोटीराम विजेचे पैसे द्यायला लागले. दारी आलेल्या पाहुण्याकडून विजेचे पैसे घेणार कोण? बहिरूनं हात जोडले. पण हर्षाली पाया पडली तेव्हा रीत म्हणून तिच्या हातावर काही ठेवणं गोटीरामांना भागच होतं, आणि मोठ्या मनाचा माणूस, त्यानं जरा जास्तच ठेवलं.

पुढं सगळं लगेच झालं असं नाही. वीज जोडणीसाठी पावसाळा गेला, दिवाळी गेली, लग्नही त्याच्या आधीच झालं. दोन यंत्रं उभी राहिली; त्यातलं एक बहुतेक वेळा चालू असतं, आणि दुसरं रुद्र चालू करत असतो. दुपारी तिथं पाच-सहा गाड्या असतात, रविवारी जास्त. लोक पाऊण तास बसतात, छायाकाकूंच्या हातगाडीवर पोहे खातात, जाताना कांद्याची गोणी घेऊन जातात. बहिरू त्यांच्यात खाट टाकून बसतो आणि कोण कुठून आलं, गाडी किती जाते, घाटात किती खाते, हे विचारत राहतो. परवा एकानं त्याला विचारलं, यंदा कांद्याचं काय होईल? बहिरू म्हणाला, सांगता यायचं नाय. आणि रात्री झोपला.

आता या व्यवहारात कुणी काय भरलं, ते पाहू. रुद्रनं नोकरी भरली. बहिरूनं चाळीची जागा आणि पगारी जावयाचं स्वप्न. उज्वलानं नाशकात सून मिरवायचा हक्क. कुसाबाईनं त्या रविवारचं दळण. गहू घरघंटीत तसेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी दळावे लागले. छायाकाकूंनी काही भरलं नाही, त्या एकट्याच फायद्यात आहेत. राहता राहिली त्या दिवशी गाडीनं ओढलेली वीज. त्या महिन्याचं बिल आलं ते हर्षालीनं हातावर मिळालेल्या पैशांतून, कुणाला न सांगता भरून टाकलं. म्हणजे रात्री गाडी ज्यांनी बंद केली, तिच्या चार्जिंगचे पैसेही त्यांनीच भरले. गोटीरामांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.